पोर्टल नको, तक्ता द्या : खान्देशातल्या तीन जिल्हा परिषदांना आणि जिल्हा नियोजन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, जळगाव / धुळे / नंदुरबार
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव, जिल्हा नियोजन समिती, जळगाव / धुळे / नंदुरबार
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, नंदुरबार / तळोदा / धुळे / यावल

विषय : गावपातळीवरच्या सर्व शासकीय कामांचा व निधीचा एकत्रित तक्ता दरमहा खुला करण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मागणी आधी सांगतो, कारणे मागून. प्रत्येक जिल्ह्याने दर महिन्याच्या १५ तारखेला एकच फाईल प्रसिद्ध करावी. गावात होणाऱ्या प्रत्येक सरकारी कामाला तीत एक ओळ असावी, मग ते काम कोणत्याही हेडचे, म्हणजे लेखाशीर्षाचे (खर्चाच्या सरकारी खात्याचे) असो आणि कोणत्याही यंत्रणेचे असो. पोर्टल नको, ॲप नको, ज्याला उद्‌घाटन लागेल असे काहीच नको. तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या संगणकावरही उघडेल आणि ज्याची बेरीज मारता येईल, असा एक तक्ता हवा.

खान्देशातल्या एखाद्या मध्यम गावात सिमेंटचा एक रस्ता व्हायचा, तर त्याला पैसा किती दारांनी येऊ शकतो ते पाहा. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, निधी. जिल्हा परिषदेचा स्वनिधी, म्हणजे सेस. ग्रामविकास विभागाचे लेखाशीर्ष २५१५, ज्याला सगळे 'पंचवीस-पंधरा' म्हणतात. गावाबाहेरचा तुकडा असेल तर ३०५४ किंवा ५०५४ ही रस्त्यांची लेखाशीर्षे. स्मशानभूमीकडे जाणारा असेल तर जनसुविधा योजना. वस्ती अनुसूचित जातींची असेल तर वस्ती सुधार योजना, आदिवासींची असेल तर ठक्कर बाप्पा योजना. शिवाय आमदार निधी, खासदार निधी आणि रोजगार हमीचा कुशल-अकुशल भाग. दहा दारे झाली. प्रत्येक दाराची वही वेगळी, ती सांभाळणारे टेबल वेगळे, आणि एका वहीत बाकीच्या नवांचा पत्ता नाही.

त्यामुळे एकाच रस्त्याला दोन दारांनी पैसा लागला तरी कुणाच्या नजरेस येत नाही. उलट दोन खरोखर वेगळ्या कामांवर 'एकच काम दोनदा दाखवले' असा आरोप झाला, तर तो खोडूनही काढता येत नाही. प्रामाणिक शाखा अभियंत्याला ही दुसरी गोष्ट जास्त महागात पडते, म्हणून हा तक्ता तुमच्याही कामाचा आहे.

'सगळं ऑनलाइन आहेच की' हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे आणि ते अर्धे खरेही आहे. ई-ग्रामस्वराज २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले आणि ग्रामपंचायतीचा आराखडा व व्हाउचर त्यावर दिसतात. हे छोटे काम नाही. पण तिथे एका वेळी एकच ग्रामपंचायत उघडते, आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने त्याच गावात केलेले काम तिथे सापडत नाही. बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, लेखाशीर्षनिहाय निधी दिसतो, पण तो कार्यालयापर्यंत येऊन थांबतो, गावात उतरत नाही. जिल्हा नियोजनाच्या प्रशासकीय मान्यता आय-पास या संगणक प्रणालीतून होतात, पण ती व्यवस्था कार्यालयांतल्या वापरासाठी आहे. खरा अपवाद एकच : २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानंतर तिथल्या प्रत्येक कामाला सांकेतांक मिळाला आणि हजेरीपत्रक, म्हणजे मस्टर, कुणालाही पाहता येऊ लागले. त्यात गैरप्रकार झाले नाहीत असे नाही. पण जे उघडकीस आले ते बहुधा मस्टर खुले होते म्हणूनच आले.

म्हणजे माहिती यंत्रात आहे. अडचण एवढीच की एका यंत्रातले गाव दुसऱ्या यंत्राला ओळखता येत नाही.

नाव नव्हे, सांकेतांक

पिंप्री, वडगाव, खेडी, धानोरा या नावांची गावे आपल्या तीन जिल्ह्यांत किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. त्यात बुद्रुक आणि खुर्द. शहादा-नंदुरबारकडे तर्फ शहादे, तर्फ सारंगखेडा, तर्फ हवेली. जळगावकडे नावापुढे 'प्र.' लावून प्रगण्याचे अक्षर. लिहिणारा घाईत असला की हे शेपूट गळते आणि एका गावाचा पैसा दुसऱ्याच्या नावावर बसतो. तालुक्यांचेही तेच. अक्राणी कुठे अक्राणी असतो, कुठे धडगाव. मुक्ताईनगर जुन्या याद्यांत एदलाबाद आहे. शिंदखेडा-शिंदखेडे, तळोदा-तळोदे, शहादा-शहादे यांची इंग्रजी स्पेलिंगे मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल. माणसाला हे सगळे कळते. संगणकाला ती वेगवेगळी गावे वाटतात आणि तो मुकाट्याने चुकीची बेरीज देतो. मुकाट्याने, हा त्यातला खरा धोका.

उपाय तयार आहे. केंद्राच्या स्थानिक स्वराज्य संस्था निर्देशिकेत, म्हणजे एलजीडीत, प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि प्रत्येक महसुली गावाला स्वतंत्र सांकेतांक आहे. २०११च्या जनगणनेचा गावाचा सांकेतांक सहा अंकी आहे. जिल्ह्यांचे नंदुरबार ४९७, धुळे ४९८, जळगाव ४९९. तक्त्यात नाव कसेही लिहा, पण त्याआधी हे दोन रकाने भरा : ग्रामपंचायतीचा एलजीडी सांकेतांक आणि महसुली गावाचा सांकेतांक. दोन्ही हवेत. गट ग्रामपंचायतीत तीन-चार गावे असतात आणि खर्च सगळा ग्रामपंचायतीच्या नावावर पडतो. नुसता ग्रामपंचायतीचा सांकेतांक दिला, तर मुख्य गावाला सगळे मिळाले आणि लांबच्या गावाला काहीच नाही, ही गोष्ट तक्त्यातही लपून राहील. जी गोष्ट दिसावी म्हणून हा खटाटोप, तीच हातची जाईल.

सातपुड्यात गाव हेही एकक पुरत नाही. अक्राणी, अक्कलकुव्यात एका महसुली गावाचे पाडे दोन-दोन डोंगरांवर पसरलेले असतात. तिथे 'मौजे अमुक येथे हातपंप बसविणे' हे कामाचे वर्णन म्हणजे पत्त्याशिवायचे पाकीट. पाड्याला सरकारी सांकेतांक नसेल तर पाड्याचे नाव लिहा, पण एकदा यादी करून गोठवा. यादी ग्रामसभेने वाचून मंजूर करावी, आणि त्यानंतर लिपिकाला नाव टंकायची सोयच ठेवू नये, यादीतून निवडायचे. एक्सेलमध्ये हे पाच मिनिटांचे काम आहे.

काम नेमके कुठे

'गावांतर्गत रस्ता काँक्रीटीकरण करणे.' हे वर्णन शंभर कामांना लागू पडते आणि शंभर कामांना लावलेही जाते. 'मारुती मंदिर ते पाण्याची टाकी' हे बरे, पण दोन वर्षांनी 'पाण्याची टाकी ते मारुती मंदिर' असे उलटे लिहून पुन्हा येऊ शकते. जिल्हा परिषदेकडच्या ग्रामीण मार्गांना आणि इतर जिल्हा मार्गांना क्रमांक आहेत आणि अंदाजपत्रकात साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर, असतोच. तोच तक्त्यात आणा : ग्रामीण मार्ग (ग्रामा) क्रमांक, साखळी ०/००० ते १/५००. दोन कामांची साखळी एकमेकांवर चढली की संगणक लगेच बोट ठेवतो, तक्रार अर्जाची वाट पाहावी लागत नाही. गावठाणातल्या गल्लीला साखळी नसते; तिथे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन बिंदू, अक्षांश-रेखांशासह.

या अक्षांश-रेखांशात तीन चुका हमखास होतात. पहिली, दोन आकड्यांची अदलाबदल. खान्देशाचा अक्षांश साधारण २० ते २२च्या दरम्यान आणि रेखांश ७३ ते ७७च्या दरम्यान. आकडे उलटे पडले तर शिरपूरचा बंधारा नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाच्या समुद्रात जाऊन बसतो. चाळणी सोपी : पहिला आकडा ५०पेक्षा मोठा असेल तर ओळ परत पाठवा. दुसरी, अंश-मिनिटे-सेकंद आणि दशांश यांची मिसळ. २१ अंश ३० मिनिटे म्हणजे २१.५०, २१.३० नव्हे, एवढ्याने काम २० किलोमीटरहून अधिक सरकते. तिसरी सर्वांत अवघड, कारण ती आकड्यांवरून दिसून येत नाही. पाड्यावर नेटवर्क नसते, म्हणून फोटो तिथे काढला जातो आणि पंचायत समितीत येऊन चढवला जातो, तोही पुष्कळदा व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला, म्हणजे जागेची नोंद पुसली गेलेली. मग ॲप जागा नोंदवते ती पंचायत समितीची. एकाच बिंदूवर पाचपेक्षा जास्त कामे दिसली तर बहुधा तो बिंदू कार्यालयाचा असतो. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, आकाश मोकळे लागते. तेव्हा जागेवरच मोबाइलवर आकडे पाहून मोजमाप पुस्तिकेत पेनाने लिहिणे हा आजही सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

पैशाचे चार आकडे आणि दोन वर्षे

'गावाला ४० लाख आले' या वाक्याचे चार अर्थ होतात : मंजूर झाले, वितरित झाले, बिल निघाले, किंवा नुसते आराखड्यात धरले. गावातली निम्मी भांडणे याच घोळातून होतात. म्हणून तक्त्यात चार रकाने वेगळे हवेत : प्रशासकीय मान्यतेची रक्कम, कार्यारंभ आदेशातली रक्कम, आजवर मिळालेला निधी, आजवर झालेला खर्च. निविदा कमी दराने गेली असेल तर पहिल्या दोहोंतला फरक म्हणजे शिल्लक. ती कुठे गेली हा प्रश्न मग कुणीही विचारू शकतो, आणि विचारायलाच हवा.

वर्षाचाही घोळ आहे. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी खर्च करायला जिल्हा परिषदेला दोन वर्षे मिळतात. २०२३-२४चा निधी मार्च २०२५मध्ये खर्च पडला, तर एका अहवालात तो या वर्षाचा आणि दुसऱ्यात त्या वर्षाचा. दोन्ही अहवाल बरोबर, बेरीज मात्र चूक. रकाना 'निधीचे वर्ष' वेगळा आणि 'शेवटच्या देयकाची तारीख' वेगळा ठेवला की हे मिटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये होणारे पुनर्विनियोजनही तक्त्यात दिसले पाहिजे. कोणत्या योजनेतून किती काढले, कुठे वळवले, हे आज बैठकीच्या इतिवृत्तात शेवटच्या पानांवर सापडते, सापडले तर.

आणि कृपा करून एकच एकक. रुपये. एका पानावर 'रु. लाखांत', दुसऱ्यावर 'रु. हजारांत', तिसऱ्यावर काहीच लिहिलेले नाही, अशा तीन याद्या जोडल्या की साडेचार लाखांची गटार साडेचार रुपयांत होते.

फाईल कशी असावी

वरच्या सगळ्यातून २० रकाने होतात : कामाचा सांकेतांक, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत सांकेतांक, महसुली गाव सांकेतांक, गाव व पाडा किंवा वस्ती, कामाचे नाव, कामाचा प्रकार, योजना व लेखाशीर्ष, निधीचे वर्ष, राबवणारी यंत्रणा, मक्तेदार किंवा संस्था, मान्यतेची तारीख, कार्यारंभाची तारीख, शेवटच्या देयकाची तारीख, वरच्या चार रकमा आणि कामाची सद्यःस्थिती. रस्त्यासाठी साखळी आणि इतरांसाठी अक्षांश-रेखांश, असे आणखी दोन जोडा. २२ झाले. यातला एकही आकडा नव्याने गोळा करायचा नाही. अंदाजपत्रक, मान्यता आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक यांत तो आधीच आहे.

फाईल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर, असावी, युनिकोडमध्ये. पीडीएफ वाचायला चालेल, पण सोबत, तिच्याऐवजी नाही. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे आकड्यांचा फोटो, त्याची बेरीज होत नाही. श्रीलिपी, कृतीदेव किंवा जुन्या डीव्हीबी फॉन्टमध्ये टंकलेली यादी तर दुसऱ्या संगणकावर कोडे होऊन बसते, म्हणून आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरे व रफार नजरेखालून घाला, कारण तिथेच मोडतोड होते. एक्सेलमधून जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. साधा सीएसव्ही निवडला तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. सांकेतांकाचे रकाने आधी 'टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर एक्सेल सुरुवातीचे शून्य खाते, लांब आकडा घातांकात दाखवते आणि १५ अंकांपुढचे सगळे अंक शून्य करते. तो सांकेतांक मग कायमचा गेला. फाईल पुन्हा उघडून तो परत येत नाही.

जोडलेले सेल नकोत. मधेच 'तालुका एकूण' अशा ओळी नकोत. त्या बेरजेत पुन्हा मोजल्या जातात. रंगाला अर्थ देऊ नका, 'पिवळे केलेले म्हणजे अपूर्ण' हे सीएसव्हीत उरत नाही. रिकामा रकाना म्हणजे माहिती नाही आणि शून्य म्हणजे खरोखर शून्य. हा फरक पाळला नाही तर खर्च न झालेले काम आणि खर्च न कळवलेले काम एकच दिसते.

जुन्या महिन्याची फाईल पुसून तिच्या जागी नवी ठेवू नका. जून, जुलै, ऑगस्ट अशा वेगळ्या फाईली राहू द्या. आकडा नंतर बदलला तर बदलू दे, चुका दुरुस्त व्हायलाच हव्यात; पण काय बदलले ते दिसले पाहिजे. गुपचूप झालेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा जास्त संशय पेरते.

कोणी करायचे, कधी

ग्रामपंचायतीवर नवे ओझे टाकू नका, ही आमची आग्रहाची विनंती. ग्रामपंचायत अधिकारी आणि आपले सरकार केंद्राचा चालक यांना आधीच इतकी पोर्टले आहेत की आणखी एक दिले तर त्यात कालचेच आकडे पुन्हा भरले जातील. त्यांची माहिती ई-ग्रामस्वराजवरून घ्या. बांधकाम आणि लघुसिंचनाची त्या त्या कार्यकारी अभियंत्याकडून, जिल्हा नियोजनाची नियोजन अधिकाऱ्याकडून, आदिवासी उपयोजनेची प्रकल्प कार्यालयांकडून. ५ तारखेपर्यंत प्रत्येकाने आपला तुकडा द्यावा, १२पर्यंत मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने जुळवणी करावी, १५ला फाईल बाहेर. जुळवणी म्हणजे एवढेच : प्रत्येक लेखाशीर्षाखालच्या ओळींची बेरीज रोकडवहीतल्या किंवा बीम्सवरच्या आकड्याशी लावून पाहणे. जुळणार नाही. पहिले सहा महिने तर नक्कीच नाही. तेव्हा न जुळलेली रक्कम लपवू नका, 'जुळवणी बाकी' म्हणून शेवटी लिहा आणि तशीच प्रसिद्ध करा. फरक दर महिन्याला कमी होताना दिसला तरी पुरे.

चाळण्याही मोजक्याच. खर्च मिळालेल्या निधीपेक्षा जास्त नसावा. कार्यारंभाची तारीख मान्यतेच्या आधीची नसावी. काम 'पूर्ण' असेल तर देयकाची तारीख रिकामी नसावी. असलीच तर ते दायित्व, म्हणजे मक्तेदाराचे थकलेले बिल, आणि त्याची बेरीज जिल्ह्याने स्वतःच्याच सोयीसाठी करून ठेवावी. हे तपासायला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संगणक आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्या. तिन्ही जिल्हे त्याच विद्यापीठात येतात, आणि जुन्या फाईलींची एक प्रत तिथे राहिली तर संकेतस्थळ बदलताना त्या हरवणार नाहीत.

पैशाचा प्रश्न निघेलच. जिल्हा वार्षिक योजनेत 'मूल्यमापन, सनियंत्रण व डाटा एन्ट्री' या नावानेच तरतूद असते. जिल्ह्याला एक जाणकार लिपिक आणि एक संगणक एवढाच हा खर्च आहे. निविदा काढून कुणाला 'सोल्यूशन' विकत घ्यायची बुद्धी झाली, तर ती तीन वर्षांनी करार संपताच बंद पडेल आणि डेटा त्या कंपनीच्या सर्व्हरवर अडकेल. सीएसव्हीला करार लागत नाही.

काय छापू नये

आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल, लाभार्थ्याची जात, आजार, घराचे अक्षांश-रेखांश यांतले काहीही फाईलीत नको. आधार क्रमांक जाहीर करायला २०१६च्या आधार कायद्याचीच मनाई आहे. वैयक्तिक लाभाच्या योजनांत तक्त्यात संख्या द्या. नावांची यादी ग्रामसभेत वाचली जाते तिथेच राहू द्या. सार्वजनिक कामाच्या मक्तेदाराचे किंवा मजूर सहकारी संस्थेचे नाव मात्र वैयक्तिक माहिती नव्हे. ते छापलेच पाहिजे. या दोहोंची सरमिसळ करून 'गोपनीयतेमुळे देता येत नाही' असे उत्तर येऊ नये, म्हणून हे आधीच लिहितो.

कायद्याचे एकच सांगतो, कारण ते तुम्हाला पाठ आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख), त्यातली १७ बाबींची यादी. प्रत्येक यंत्रणेला दिलेला अर्थसंकल्प, प्रस्तावित खर्च आणि वितरण स्वतःहून प्रसिद्ध करायचे हे त्यातच आहे. कलम ४(४) म्हणते, स्थानिक भाषेत. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवस, पहिले अपील, दुसरे अपील हा रस्ता नागरिकाला जितका लांब पडतो तितकाच जनमाहिती अधिकाऱ्यालाही. तक्ता खुला असेल तर निम्मे अर्ज येणारच नाहीत. २०१७चा सरकारी मुक्त डेटा परवाना तयार आहे. फाईलीसोबत त्याची एक ओळ टाका, म्हणजे वापरू का नको हा प्रश्न मिटला.

गावाला याचा उपयोग

ग्रामपंचायत विकास आराखडा दरवर्षी करायचा असतो. तो करताना ग्रामसभेपुढे फक्त ग्रामपंचायतीचा पैसा असतो. जिल्हा परिषद आणि नियोजन समिती त्याच गावात काय करणार आहेत हे तिला माहीत नसते. मग ग्रामपंचायत ज्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवते, तिथेच तीन महिन्यांनी पाइपलाइनसाठी खोदाई होते. तक्ता आराखड्याच्या ग्रामसभेआधी, म्हणजे सप्टेंबरमध्ये हातात पडला, तर क्रम उलटा लावता येतो : आधी नळ, मग गटार, मग रस्ता.

बंधित-अबंधित हाही असाच न समजावलेला विषय. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ग्रामपंचायतीला १० लाख आले असे धरले, तर त्यातले ६ लाख बंधित : ३ लाख पिण्याचे पाणी आणि पाऊसपाणी साठवण, ३ लाख स्वच्छता. रस्त्याला, शाळेच्या भिंतीला, व्यायामशाळेला उरतात ४ लाख. ग्रामसभेत रस्ता मागणाऱ्याला 'पैसा नाही' म्हणतात आणि त्याच वेळी खात्यात शिल्लक दिसते. मग पैसा खाल्ला हा निष्कर्ष ठरलेला. लेखाशीर्षापुढे 'बंधित' एवढा शब्द लिहिला तर हा वाद दोन मिनिटांत मिटतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तेही कामाच्या प्रकारावरून आपोआप मोजता येईल.

पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या क्षेत्रात हे जास्त निकडीचे आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी पूर्ण आणि नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर अंशतः, असा हा पट्टा आहे. एप्रिल २०१५च्या शासन निर्णयाने आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी अबंध म्हणून थेट या ग्रामपंचायतींना मिळू लागला. खर्च कशावर करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे, आणि पेसात ग्रामसभा पाड्याचीही असू शकते. हा निधी लोकसंख्येवर वाटला जातो. तेव्हा गट ग्रामपंचायतीतल्या कोणत्या गावाच्या वाट्याला किती, हा हिशेब जनगणनेच्या आकड्यावरून शाळेतले पोरही करेल. फक्त एकूण रक्कम त्याला कळली पाहिजे.

पाण्याचे काम निवडताना आणखी एक फाईल लागेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. यावल-रावेरचा केळीपट्टा तापीच्या खोल गाळावर आहे, साक्रीकडे बेसाल्टचा कातळ. एकीकडे चालणारी पुनर्भरणाची रीत दुसरीकडे चालत नाही. विहिरीचा सांकेतांक, गावाचा सांकेतांक, तारीख आणि पातळी एवढे चार रकाने खुले झाले, तर ३ लाखांची नवी बोअर की तेवढ्याचाच नालाबांध, हे ग्रामसभेत आवाज चढवण्यावर ठरणार नाही. जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटरचा हिशेब आहे आणि गावाचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असेल तर ५ टक्के. ज्या गावाने वाटा भरायचा त्याला उद्भवात, म्हणजे योजनेच्या पाण्याच्या स्रोतात, उन्हाळ्यात पाणी राहते का हे आधी कळू द्या.

शेवटी कागद. इंटरनेटवर टाकले म्हणजे गावाला सांगितले असे होत नाही. त्याच फाईलीतून प्रत्येक गावाचे एक पान छापून महिन्याला चावडीवर, आश्रमशाळेच्या भिंतीवर, रेशन दुकानात लावा. मोठे अक्षर, दहा ओळींच्या आत, रक्कम अक्षरीसुद्धा. वर मथळा सरकारी नको. 'आपला गावमा कितला पैसा उना, कोठे गया' एवढे अहिराणीत लिहिले तर लोक थांबून वाचतील. भिली आणि पावरी बोलणाऱ्या पाड्यांवर वाचण्यापेक्षा सांगणे जास्त पोचते. तिथे ग्रामसभेत ओळ न् ओळ बोलून दाखवायला हवी, आणि ती बोलली गेल्याची नोंद इतिवृत्तात हवी.

सुरुवात २५ही तालुक्यांत एकदम नको, फसेल. साक्री, अक्राणी आणि रावेर घ्या : साक्रीत पेसा आणि बिगरपेसा शेजारी आहेत, अक्राणीत पाड्यांचा प्रश्न आहे, रावेरात पाण्याचा. पहिल्या महिन्यात फक्त चालू वर्षाची कामे. ती जुळली की वित्त आयोगाची २०२१-२२ पर्यंत मागे जा. पहिल्या फाईलीत चुका असतील. त्या गावाचे नाव, ओळीचा क्रमांक आणि योग्य आकडा अशा स्वरूपात आम्ही लेखी कळवू, वर्तमानपत्रात नव्हे, आधी तुम्हाला. त्यासाठी प्रत्येक जिल्हा परिषदेने एक ईमेल पत्ता आणि एका अधिकाऱ्याचे पदनाम फाईलीच्या पहिल्या ओळीवर लिहावे.

आपले,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या गावांचे हिशेब वाचणारे काही नागरिक